जसा दर, तशी रीत
मुलांनो, मोबाइलचा दर बदलला की माणसांची रीतही बदलते. अमेरिकेत पूर्वी फोन असो वा लघुसंदेश, पाठविणारा व घेणारा या दोघांसही पैसे पडत. भारतातही प्रारंभी फोन घेणाऱ्यास खर्च येई. १ मे २००३ पासून मात्र तो फोन करणाऱ्यावरच राहिला. फोन उचलला नाही, तर त्यालाही काही पडत नसे. म्हणून नागपूरलगत बेसा येथे घरे बांधणारा मजूर नुसती घंटी वाजवी आणि गावाकडे त्याची खुशाली कळे.

एका लघुसंदेशात रोमन अक्षरे १६० मावतात, देवनागरी चिन्हे अवघी ७०. मराठी मजकूर महाग पडे. साहजिकच अनेकांनी मराठी रोमन लिपीत लिहिली. आज इंटरनेटवरील संदेशांस हे माप नाही. दर गेला, मग ती रीत का राहावी?