मार्गदर्शक यंत्र : स्थानज्ञान आणि मार्गज्ञान

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर यवत व चौफुला मागे पडले की वरवंड येते. या टप्प्यात चालकाला मार्गदर्शक यंत्राची फारशी गरज भासू नये. तथापि महामार्गांवर नित्य वाहन चालविणाऱ्यांना एक अनुभव परिचित आहे. मोटार मुख्य रस्त्यावरून धावत असता फोनच्या पडद्यावरील बाण शेजारच्या सेवारस्त्यावर जाऊन बसतो आणि जेथे वळण नाही तेथे वळण्याची आज्ञा मिळते. ‘जीपीएस चुकले’ असा निर्वाळा मग सर्रास दिला जातो. हा दोषारोप तपासून पाहण्याजोगा आहे. कारण त्यात दोन भिन्न प्रकारच्या ज्ञानांची गल्लत झालेली असते.

पहिले ज्ञान स्थानाचे. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीतील उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपापली कालनोंद प्रक्षेपित करीत असतात. संदेश निघाल्याची व पोचल्याची वेळ यांतील फरकावरून फोन प्रत्येक उपग्रहापासूनचे आपले अंतर काढतो. स्थानाचे तीन निर्देशक आणि फोनच्या घड्याळातील चूक अशी चार अज्ञाते असल्यामुळे किमान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संदेशांत हेतुपुरस्सर दोष मिसळला जात असे. तो थांबल्यानंतर अचूकता पुष्कळच वाढली, आणि आज मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनलाही सुमारे पाच मीटरांच्या आत आपले स्थान सांगता येते. बांधाच्या भांडणात पाच मीटर फार होतात. प्रवासात एरवी त्यांची मातब्बरी नाही. परंतु दोन रस्ते एकमेकांस लागून जात असले म्हणजे तेवढ्या संदिग्धतेने बाण एकावरून दुसऱ्यावर जातो. उपग्रहांकडे सोपविता येईल असा दोष एवढाच.

दुसरे ज्ञान मार्गाचे, आणि ते आकाशातून येत नाही. ते माणसांनी रचलेल्या नकाशातून येते. यंत्राच्या दृष्टीने रस्ते म्हणजे बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा होत. प्रत्येक रेषेला एक मूल्य दिलेले असते. ते बहुधा प्रवासास लागणारा वेळ असते. एड्सगर डायक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ साली अशा जाळ्यातील किमान मूल्याचा मार्ग शोधण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि आजच्या यंत्रांतील रीती तिच्याच वंशातील आहेत. रीत निर्दोष आहे. मूल्य खोटे असेल तर उत्तर मात्र तितक्याच निर्दोषपणे खोटे येते.

हे मूल्य कसे ठरते, हे पाहण्यास वरवंडसारखे ठिकाण उत्तम. संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यानंतर लोणी काळभोर व यवत येथे राहून वरवंडला मुक्कामास येते. त्या दिवसांत वाहतूक वळविली जाते आणि रस्ता वारकऱ्यांचा होतो. यंत्राचा अंदाज मुख्यतः दोन आधारांवर उभा असतो : त्या वारी व त्या वेळी पूर्वी असलेला वेग, आणि रस्त्यावरील फोनांची चालू गती. परंतु देहूचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीस होते. २०२३ साली ते १० जूनला, २०२४ साली २८ जूनला, तर २०२५ साली १८ जूनला आले. मंगळवार-बुधवारांच्या सरासरीत तिथी बसत नाही. दुसरा आधारही डळमळीत आहे. सायमन वेकर्ट या कलावंताने बर्लिनमध्ये ९९ फोन एका हातगाडीत घालून ती रस्त्यांतून ओढीत नेली, तेव्हा मोकळा रस्ता नकाशावर कोंडीचा लाल रंग धारण करून बसल्याचे त्याने २०२० साली दाखवून दिले. फोन कोणाच्या खिशात आहे, हे यंत्राला अनुमानानेच ठरवावे लागते.

पालखीच्या वाटेवर फार तर तासभर वाया जाईल. अकोले तालुक्यात याच उणिवेने जीव घेतला. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक मोटार जवळचा मार्ग म्हणून यंत्राने दाखविलेल्या रस्त्याने रात्री कोतूळजवळ आली, आणि पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. तो पूल वर्षातून आठ महिने वापरात असे व चार महिने पाण्याखाली राही. उपग्रहांनी दिलेले स्थान चुकीचे होते असे मानण्यास कारण नाही, आणि रेषाही खोटी नव्हती. तिला ऋतू नव्हता एवढेच.

फाट्यावरच्या टपरीवर वाट विचारली असता ‘गाडी कोणती?’ असा प्रतिप्रश्न येतो, आणि बंधाऱ्यावर पाणी आहे की नाही तेही न विचारता कळते. ही पद्धत पुसट व वेळखाऊ खरी. ‘इथेच आहे, पुढे’ या उत्तराने किती मैल चालविले असतील याची गणती नाही! तथापि तिच्यात काळाचे भान असते. गुगलने २००९ साली भारतासाठी दिशासूचनांत ठळक खुणांचा समावेश केला, तो याच रीतीचा अर्धा भाग होय. देऊळ व पेट्रोलपंप नकाशात आले. ‘यंदा पाणी लवकर सोडले’ हे आले नाही.

ते कोणी आणावयाचे, हा प्रश्न आता न्यायकक्षेत शिरला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघांचा अंत झाला. पुलाचा जोडरस्ता आधीच पुरात वाहून गेला होता. पुलाची रेषा मात्र नकाशात शाबूत होती. पोलिसांनी नोंदविलेल्या फिर्यादीत बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशासेवेच्या एका अनाम अधिकाऱ्यालाही आरोपी केले गेले.