गोंदण आणि नोकरी

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पौष महिन्यात संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तेव्हा त्र्यंबकेश्वरात बांगड्या, खेळणी आणि प्रसादाच्या दुकानांच्या ओळीत गोंदणारेही बसलेले दिसतात. पूर्वी त्यांच्यापाशी सुया आणि काजळी असे. आता विजेचे यंत्र आणि नक्षींचा तक्ता असतो. २०२६-२७ च्या सिंहस्थात तर अशा दुकानांना तोटा राहणार नाही.

त्र्यंबक तालुका प्रामुख्याने आदिवासींचा आहे. येथील पाड्यांवरील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर व हातांवर हिरवट-निळे गोंदण आजही पाहावयास मिळते. तुळस, विंचू, सीतेची पावले, साधे ठिपके. सोने-चांदी मेल्यावर येथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी जुनी समजूत. ही स्त्री शेतावर वा मजुरीवर गेली, तिला कुणी हातावर काय आहे म्हणून परत पाठविले नाही. प्रश्न उभा राहतो तो तिच्या नातवंडांपुढे. नाशिकला जाताना त्र्यंबक रस्त्यावरच महाराष्ट्र पोलीस अकादमी लागते, पुढे नाशिकरोडला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. गणवेशाची नोकरी ही या भागातील तरुणांच्या डोळ्यांसमोरची आशा आहे, आणि नेमक्या त्याच नोकरीत गोंदणाची तपासणी होते.

भूसेनेच्या भरतीत कायमचे गोंदण केवळ कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतील बाजूस, किंवा तळहाताच्या पाठीमागे चालते. मात्र ज्या आदिवासी जमातींत गोंदण ही रूढी आहे, त्यांच्या उमेदवारांना शरीराच्या अन्य भागांवरील गोंदणासाठीही सवलत आहे. तशी परंपरा असल्याचा दाखला त्यांना द्यावा लागतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे नियम निराळे. तेथे गोंदण डाव्या हातावर हवे, कारण उजव्या हाताने सलामी द्यावयाची असते. आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवा. धार्मिक चिन्ह वा नाव असल्यास हरकत नाही.

या नियमाचा फटका सोलापूरच्या एका तरुणाला बसला. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात चालक-शिपाई होऊ इच्छिणाऱ्या या युवकाला उजव्या हातावरील धार्मिक गोंदणामुळे वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरविण्यात आले. त्याने ते बहुतांशी पुसूनही घेतले होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१७ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. आम्हांला हा निकाल न्याय्य वाटतो. द्वेष वा अश्लीलता पसरविणारे चित्र अंगावर असेल तर दलाने ते नाकारावे, यात वाद नाही. परंतु लहानपणी आजीने धरून गोंदविलेल्या चिन्हाचा हात उजवा की डावा, यावर एखाद्याचे आयुष्य ठरू नये.

खासगी नोकऱ्यांत तर लिखित नियमही नाही. संविधानाच्या सोळाव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग इत्यादी कारणांवरून भेदभावास मनाई आहे, पण ते कलम सरकारी नोकरीपुरते, आणि गोंदणाचा त्यात उल्लेख नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्याचा हात कुणी निरखून पाहत नाही. हॉटेलचा स्वागतकक्ष, विमानसेवा, दुकानाचा काउंटर येथे मात्र पाहतात. यात एक विसंगती आहे. शहरातील सुशिक्षित मुलाच्या दंडावरील नक्षीला ‘टॅटू’ म्हणून कौतुक मिळते. पाड्यावरील मुलीच्या हनुवटीवरील तीन ठिपक्यांना ‘गोंदण’ म्हणून मागासलेपणाचा शिक्का बसतो. शाई तीच असते.

‘शिक्का’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. बंगाल व मद्रास इलाख्यांत कंपनी सरकार कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवीत असे. ती शिक्षा १८४९ साली रद्द झाली.

आपल्यापैकी काही जण याबाबत पवित्र शास्त्राचा आधार घेतात. लेवीय १९:२८ मध्ये अंगावर खुणा गोंदण्यास मनाई आहे, हे खरे. पण त्याच वचनात मृतांसाठी अंगावर जखमा करून घेण्याचाही निषेध आहे. म्हणजे रोख शेजारच्या राष्ट्रांच्या शोकविधींवर आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. ख्रिस्ती इतिहास तर वेगळेच सांगतो. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती मनगटावर क्रूस गोंदवून घेतात. जेरुसलेमची यात्रा केलेले भाविक शतकानुशतके तशी खूण घेऊन परतत आले. तुर्की अमलाखालील बोस्नियात कॅथलिक स्त्रियांनी हातांवर क्रूस गोंदवून आपली श्रद्धा जपली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या मार्चमध्ये तरुणांच्या सभेत एरिट्रियाच्या ख्रिस्ती लोकांच्या कपाळावरील क्रूसाचा दाखला दिला आणि गोंदणाची भीती न बाळगता त्यावरूनच तरुणांशी संवाद सुरू करावा, असे धर्मगुरूंना सुचविले. ते इतकेही म्हणाले की यात अतिरेक होऊ शकतो.

अतिरेकापेक्षाही अस्वच्छतेची काळजी आम्हांला अधिक वाटते. यात्रेच्या गर्दीत एकच सुई अनेकांना वापरली गेली, तर कावीळ ‘ब’ आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. सुई आपल्यासमोर पाकिटातून काढावयास सांगण्यात संकोच नसावा. आणि पुसता येते म्हणून निर्धास्त राहू नये: लेसरच्या अनेक बैठका लागतात, खर्च होतो, शिवाय व्रण राहू शकतो. ज्यांच्या अंगावर परंपरेचे गोंदण आधीच आहे त्यांनी जमातीच्या रूढीचा दाखला वेळेत काढून ठेवावा. भरतीच्या आदल्या दिवशी तो मिळत नाही. इतरांनी भरतीच्या जाहिरातीतील गोंदणाविषयीचा मजकूर अर्ज भरण्यापूर्वी वाचावा, आणि यात्रेला जाण्यापूर्वी वाचला तर अधिक बरे.