ब्राउझरची जुनी आवृत्ती परत आणताना

नव्या अपडेटनंतर ब्राउझरमधले नेहमीचे एक्स्टेन्शन बंद पडले किंवा कार्यालयातली जुनी प्रणाली नीट उघडेनाशी झाली, की आधीच्या आवृत्तीवर परतण्याचा विचार केला जातो. हे काम किती सोपे, ते ब्राउझरच्या रचनेवर ठरते.

विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ आला आणि २०११ मध्ये त्याची ९वी आवृत्ती. विंडोज जुन्या फाइली राखून ठेवत असे. त्यामुळे कंट्रोल पॅनेलमधल्या अपडेटच्या यादीतून ९वी आवृत्ती काढून संगणक पुन्हा सुरू केला, की ८वी परत मिळे. अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून बसवलेल्या क्रोमचेही तसेच आहे. सेटिंग्जमध्ये क्रोमच्या माहितीत जाऊन अपडेट अनइन्स्टॉल केले, की फोनबरोबर आलेली आवृत्ती उरते. मात्र फोनवरचा त्याचा डेटा पुसला जातो. आयफोनमध्ये सफारी हा आयओएसचाच भाग असल्याने त्याचे अपडेट वेगळे काढता येत नाही.

संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. म्हणून मोझिलाच्या संग्रहातून जुनी आवृत्ती उतरवून पुन्हा बसवावी लागते. खरी अडचण त्यानंतर येते. बुकमार्क, इतिहास आणि पासवर्ड प्रोफाइल नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. नवी आवृत्ती या फाइलींची मांडणी बदलू शकते आणि बदललेली मांडणी जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही. मे २०१९ मधल्या ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स असे प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू देत नाही. नवे, रिकामे प्रोफाइल तयार करायला सांगतो. जुने प्रोफाइल डिस्कवर तसेच राहते. तरीही बुकमार्क आणि पासवर्ड आधीच फाइलमध्ये काढून घ्यावेत. पासवर्डची फाइल कोणालाही वाचता येते, त्यामुळे काम झाल्यावर ती पुसून टाकावी.

स्वयंचलित अपडेट बंद केले नाही, तर फायरफॉक्स पुन्हा नव्या आवृत्तीवर जातो. पण ते बंद ठेवण्यातच मोठा धोका आहे. अपडेटमधून सुरक्षेतल्या त्रुटी बुजवल्या जातात आणि दुरुस्तीनंतर त्यांचा तपशीलही बहुधा जाहीर होतो. जुन्या आवृत्तीत मात्र त्या उघड्याच राहतात.

यावर फायरफॉक्सची ‘ईएसआर’ ही दीर्घ मुदतीची शाखा हा मध्यम मार्ग आहे. तिच्यात मोठे बदल साधारण वर्षाने येतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र नियमित मिळतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची अ‍ॅड-ऑन बंद केली, तेव्हा ती वापरणाऱ्यांना ईएसआर ५२ मुळे २०१८ पर्यंत मुदत मिळाली. अडचण एखाद्या एक्स्टेन्शनपुरती असेल, तर ते बंद करून किंवा त्याचे अपडेट येईपर्यंत थांबूनही भागते. आवृत्ती मागे नेणे हा तात्पुरता उपाय समजावा आणि दोष दुरुस्त होताच पुन्हा अपडेट करावे.