अवधान-न्यूनता विकार आणि कागदी नियोजन पद्धती : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

तासाला मार्मिक प्रश्न विचारणारा, तोंडी परीक्षेत चमकणारा, परंतु प्रकल्प-अहवाल मात्र कधीही वेळेवर सादर न करणारा विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या परिचयाचा असतो. त्याच्याविषयी 'हुशार आहे, पण निष्काळजी' असे मत शिक्षक-कक्षात सहज बनते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर दिल्यामुळे सत्रभर विखुरलेल्या लहान-मोठ्या तारखा पाळणे आवश्यक झाले असून, एक तारीख चुकली की गुण जातात आणि त्यासोबत आत्मविश्वासही जातो. उशीर करणारा प्रत्येक विद्यार्थी आजारी असतो असे नाही; तथापि त्यांपैकी काहींच्या बाबतीत मूळ कारण आळस नसून अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, हे असू शकते. अशा विद्यार्थ्यांना साधी कागदी वही कशी साहाय्यभूत ठरते, ती कशी असावी आणि त्यात प्राध्यापकांची भूमिका कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विकाराचे स्वरूप :

१९०२ मध्ये लंडन येथील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा लक्षणांच्या बालकांचे वर्णन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९८० साली 'अवधान-न्यूनता विकार' ही संज्ञा आली व १९८७ साली तिला सध्याचे रूप मिळाले. हा केवळ बालपणीचा विकार आहे हा समज आता मागे पडला आहे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असणे निदानासाठी आवश्यक असते. परंतु ती प्रौढपणीही टिकून राहू शकतात. महाविद्यालयीन वयात धावपळ कमी होते, विसराळूपणा आणि वेळेचे भान सुटणे मात्र कायम राहते.

मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांच्या मांडणीनुसार हा ज्ञानाचा नव्हे, तर कृतीचा प्रश्न आहे. काय करावे हे व्यक्तीला ठाऊक असते. ते योग्य क्षणी आठवून सुरू करणे जमत नाही. दूरची तारीख मनाला जाणवतच नाही. ती अगदी उद्यावर आली की एकाएकी अंगावर येते. म्हणूनच 'लक्षात ठेव' हा उपदेश येथे निष्फळ ठरतो, कारण ज्या क्षमतेत उणीव आहे तिच्यावरच तो सारा भार टाकतो. जे मनात टिकत नाही ते मनाबाहेर, डोळ्यांसमोर आणून ठेवणे हा यावरील व्यवहार्य मार्ग होय.

नोंदीची परंपरा :

स्मरणावर विसंबून न राहण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. व्यापाऱ्याची रोजकीर्द आणि १९७३ पासून घरोघरी भिंतीवर लटकणाऱ्या 'कालनिर्णय'च्या चौकटीत टिपलेले दुधाचे खाडे ही त्याचीच रूपे आहेत. नाशिक जिल्ह्यात याहून बोलके उदाहरण आढळते. निफाड वा दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीपासून दिवस मोजतो आणि कोणती फवारणी कोणत्या दिवशी, किती प्रमाणात केली हे वहीत लिहितो. 'अपेडा'ने २००६ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रेपनेट' व्यवस्थेमुळे निर्यातीच्या बागेसाठी अशा नोंदींचे महत्त्व अधिकच वाढले. शेवटची फवारणी आणि काढणी यांतील अंतर चुकले तर माल नाकारला जाण्याची भीती असते. या शेतकऱ्याला वही लागते म्हणून कोणी त्याला विसराळू म्हणत नाही. विद्यार्थ्याच्या वहीकडेही याच दृष्टीने पाहणे उचित ठरेल.

कागदी पद्धतीची रचना :

२०१० साली स्टीव्हन सॅफ्रन व सहकाऱ्यांनी 'जामा' या नियतकालिकात औषधोपचार चालू असलेल्या ८६ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. विश्रांतीचे तंत्र शिकलेल्या गटापेक्षा बोधात्मक-वर्तन उपचार घेतलेल्या गटाची लक्षणे अधिक कमी झाल्याचे त्यात दिसून आले. या उपचारात दिनदर्शिका व कामांची यादी यांचा वापर सुरुवातीलाच शिकविला जातो. अर्थात हे श्रेय एकट्या वहीचे नव्हे; परंतु नियोजनाचे कौशल्य शिकविता येते, हे त्यावरून ध्यानात येते. व्यवहारात पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

१) वही एकच असावी. चिठ्ठ्या, तळहात आणि तीन वह्या यांत विखुरलेली नोंद हरवल्यासारखीच असते.

२) तारखेची कामे दिनदर्शिकेच्या पानावर व इतर कामे यादीच्या पानावर लिहावीत. सर्व एकत्र लिहिल्यास निकडीचे काम गर्दीत लपते.

३) नोंद कृतीच्या रूपात असावी. 'प्रकल्प' या शब्दाने काहीच सुरू होत नाही. 'ग्रंथालयातून दोन संदर्भग्रंथ घेणे' या नोंदीने पाऊल उचलले जाते.

४) सादरीकरणाच्या तारखेपासून उलट दिवस मोजून मधले टप्पे लिहावेत. कामास लागणारा अंदाजे वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी-शेजारी नोंदविल्यास वेळेचा अंदाज हळूहळू सुधारू शकतो.

५) वही पाहण्याची वेळ जुन्या सवयीला जोडावी. 'अमुक घडले की तमुक करायचे' असा नेमका संकल्प कृतीस साहाय्य करतो, हे पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या लेखात मांडले. सिन्नरहून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याने 'बसमध्ये जागा मिळाली की वही उघडायची' असे ठरविणे हे त्याचे उदाहरण होय.

६) खंड पडणार हे गृहीत धरावे. नव्या वहीचा उत्साह काही आठवड्यांत ओसरतो. छापील तारखांच्या डायरीतील कोरी पाने मग अपराधी वाटायला लावतात आणि डायरी कायमची मिटते. तारीख न छापलेल्या वहीत मात्र आजपासून पुन्हा सुरुवात करता येते. स्वतः अवधानाच्या अडचणी अनुभवलेल्या रायडर कॅरोल यांनी विकसित केलेली 'बुलेट जर्नल' पद्धती अशाच साध्या वहीवर चालते.

भ्रमणध्वनीतही या सोयी आहेत. परंतु तारीख पाहण्यासाठी उघडलेला पडदा क्षणात दुसरीकडेच घेऊन जातो. कागदाच्या पानावर तेवढेच काम दिसते. कागद आपण होऊन हाक देत नाही, ही त्याची मर्यादा आहे. त्यामुळे वही उघडण्याची आठवण देण्यापुरता गजर लावणे योग्य ठरते.

प्राध्यापकांची भूमिका :

तास संपल्याची घंटा वाजत असताना तोंडी सांगितलेली तारीख अशा विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही. ती फळ्यावर लिहून उतरवून घेण्यास दोन मिनिटे द्यावीत. सत्रारंभी सर्व तारखांचे एकपानी पत्रक द्यावे. प्रकल्पासाठी एका अंतिम तारखेऐवजी विषयनिश्चिती, आराखडा व कच्चा मसुदा अशा टप्प्यांच्या तारखा द्याव्यात. पालक-शिक्षक योजनेतील भेटीत पाच मिनिटे वही समोर उघडावी. तपासणीसाठी नव्हे, तर पुढील आठवडा सोबत लिहिण्यासाठी. याचा लाभ केवळ एडीएचडी असलेल्यांनाच नव्हे, तर संपूर्ण वर्गाला होतो.

निदान करणे हे प्राध्यापकाचे काम नाही. शंका असल्यास विद्यार्थ्याला विश्वासात घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही २०२२ पासून उपलब्ध आहे. वही ही औषधोपचाराला पर्याय नव्हे, हेही स्पष्ट करावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असला, तरी एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे वर्गपातळीवरील या साध्या उपायांचे महत्त्व अधिकच वाढते.

समारोप :

कागदी नियोजन हा चारित्र्याचा दाखला नव्हे. चष्म्याप्रमाणे ते एक साधन आहे. चष्मा घरी विसरलेल्या विद्यार्थ्याला 'डोळे नीट उघड' असे कोणी म्हणत नाही. त्याचप्रमाणे वहीत खंड पडलेल्या विद्यार्थ्याला दूषण देण्याऐवजी आजचे पान उघडण्यास सांगणे अधिक फलदायी होय. 'निष्काळजी' हा शेरा एकदा बसला की तो पुसणे कठीण असते. तो मारण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याला तारीख दिसेल अशा रीतीने दिली होती काय, एवढा प्रश्न प्रत्येक अध्यापकाने स्वतःला विचारणे अगत्याचे आहे.