शीव बांधली, नदी मोकळीच राहिली

वऱ्हाडातल्या जुन्या गावांच्या शिवेवर, बहुधा एखाद्या कडुनिंबाखाली, शेंदूर फासलेला दगड असतो. कुठे त्याला मरीमाय म्हणतात, कुठे मातामाय. मारुती, विठोबा, महादेव गावाच्या मध्यावर पाराशेजारी बसले. हिला मात्र जागा मिळाली ती वेशीबाहेर. येणाऱ्या रोगाला अडवायचं आणि शिरलेल्या रोगाला घालवायचं, हे तिचं काम. अमरावती-अकोल्याच्या गावांनी गेल्या दीडशे वर्षांत पटकी, देवी, गोवर, हिवताप असं काय काय भोगलं, ते या दगडांच्या आसपास अजून वाचता येतं. मागे वळून पाहिलं की एक गोष्ट पटते. आपल्या आज्या-पणज्यांची नजर पक्की होती. रोग कधी येतो, कुठून येतो, कोणाला धरतो हे त्यांनी अचूक टिपलं होतं. फसले ते कारण शोधताना, आणि त्या चुकीची किंमत दर वेळी घरातल्या किंवा गावातल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाने मोजली.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढच्याच वर्षी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि पटकी पाण्यातून पसरते हे दाखवलं. ते वऱ्हाडात पोचायला फार वर्षं लागली. आगगाडी मात्र लवकर आली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला भिडला. कापसाच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या, यात्रेकरू डब्यांत बसू लागले आणि त्यांच्यासोबत पटकीचाही प्रवास सोपा झाला.

पटकीचं रूपच भुताटकीचं होतं. सकाळी वखर घेऊन वावरात गेलेला धडधाकट गडी दुपारी ढाळ-वांत्यांनी आडवा होई आणि दिवस मावळेपर्यंत ओळखू येईनासा होई. डोळे खोल जात, गाल बसत, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुते, आवाज घोगरा होई. शेवटपर्यंत शुद्ध मात्र बरीचशी शाबूत. काही तासांत अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेले की हे असंच होतं, हे आज वैद्यकाचा विद्यार्थी सांगेल. पण ज्याने ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं त्याला ‘कोणीतरी याचं रक्त ओढून घेतलं’ यापलीकडे दुसरं काय सुचणार होतं? एका घरातून दुसऱ्या घरात, एका आळीतून दुसऱ्या आळीत चालत जाणारी ती कोणीतरी बाई असली पाहिजे. ती भुकेली आहे, रागावली आहे. तिला जेवू घालावं, ओटी भरावी आणि वाटेला लावावं.

म्हणून गाडा निघायचा. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात मरीमायची मूर्ती किंवा नुसता शेंदरी दगड, हिरव्या बांगड्या, खण, लिंबं, नारळ, सूप, कोंबडी. पोतराज कोरडे ओढत पुढे, हलगी वाजत, गाव मागे. त्या दिवशी चूल बंद, शेतकाम बंद, गावात येणं-जाणं बंद. शिवेवर गाडा सोडायचा आणि मागे न बघता परतायचं. जाणकार शीव बांधून घेई, म्हणजे गावाभोवती मंत्रलेली रेघ फिरवून रोगाला वाट बंद करी.

आता यातला व्यवहार बघा. येणं-जाणं बंद करणं ही सरळसरळ नाकेबंदी होती. साथ बाहेरून, यात्रेहून, पाहुण्याबरोबर येते हेही अगदी बरोबर ओळखलेलं. चूक एवढीच की रेघ जमिनीवर ओढली आणि पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा, पेढी वाहतच राहिल्या. वरच्या गावाने रोग्याची कापडं ज्या पात्रात धुतली, त्याच पात्रातल्या झिऱ्यावर खालच्या गावाच्या घागरी भरत होत्या. शिवेपार सोडलेला गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत गेला की तिथे भांडण ठरलेलं. मग तेही गाव तो आणखी पुढे ढकली. आणि गाडा हाताळायचा कोणी? मरीमायचं ठाणं बहुतेक ठिकाणी महारवाड्यालगत, तिची सेवा महारांकडे. ज्या देवतेला सगळं गाव भीत होतं तिच्या सगळ्यांत जवळ उभं राहण्याचं काम गावाने ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्यांच्यावर टाकलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि वऱ्हाडातल्या वस्त्यावस्त्यांतून लोकांनी हे ओझं उतरवलं, तेव्हा त्यांनी नुसता एक देव सोडला नव्हता. रोगाच्या तोंडी आधी आपण जायचं ही पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ मोडली होती.

देवीची गोष्ट निराळी. इथे रोग हीच देवता. ‘लेकराले माय निंघाली’ असं घरात कोणी म्हटलं की सगळ्यांचं वागणं बदलायचं. दारावर कडुनिंबाचा डहाळा लागे, म्हणजे पाहुण्याने उंबऱ्याबाहेरूनच परतावं. रोग्याची खोली अंधारी आणि गार. फोडणी बंद, कारण तडतडलेल्या तेलाने माय कोपते. कपडे परटाकडे जात नसत. अंगावर फक्त निंबाचा पाला फिरवायचा, खाजवायचं नाही. खपल्या पडल्या की निंबाच्या पाण्याने आंघोळ आणि मातामायला दहीभाताचा गार नैवेद्य. हा सगळा विधी डॉक्टरच्या हाती दिला तर तो त्याला विलगीकरण म्हणेल. पण त्याच श्रद्धेचा दुसरा पदर असा की माय आलेल्याला औषध द्यायचं नाही. तिचा अपमान होतो.

लस हिंदुस्थानात आली ती १८०२ मध्ये. मुंबईत ॲना डस्टॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा टोचलं गेलं. खेड्यांत मात्र देवी टोचणारा आला की आया लेकरं घेऊन पऱ्हाटीत लपत, ही आठवण कितीतरी घरांत सांगितली जाते. पुढे भिंतीभिंतींवर देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस रंगवलं गेलं आणि एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. गंमत अशी की मातामायचं ठाणं कोणी पाडलं नाही, तिच्याविरुद्ध कोणी जिंकलंही नाही. ती अजून कांजण्या-गोवरासाठी आहे. दहीभात आजही जातो. फक्त त्यात आता पूर्वीइतकी जिवाची भीती उरलेली नाही.

सटवाईचा धागा याहून बारीक आहे. बाळंतपणानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई कपाळावर ललाट लिहायला येते. तिच्यासाठी पाट मांडायचा, कोरा कागद, लेखणी, दिवा आणि उशाशी विळा. रात्रभर कोणीतरी जागं राहायचं. नेमकी हीच रात्र का? बाळाला होणारा धनुर्वात बहुतेक जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात, त्यातही पहिल्या आठवड्याच्या सुमाराला दिसतो. काल दूध ओढणारं बाळ आज तोंड उघडत नाही, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं ताठतं, आवाजाने दचकून आकडी येते. सुईण नाळ कापायची ती विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने आणि वर राख नाही तर शेण लावायची. रोग तिथून शिरत होता. म्हणजे सटवाईला दूर ठेवायला उशाशी ठेवलेला विळा कधीकधी तोच असणार. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावरही असंच होतं. आठव्या दिवसाच्या आसपास बाळं जात आणि बेटवासी ती ईश्वरेच्छा मानत. १८९० च्या दशकात तिथल्या पाद्र्याने जंतुनाशक वापरायला लावलं आणि मरण थांबलं. आपल्याकडे गरोदरपणातली धनुर्वाताची सुई आणि स्वच्छ ब्लेड यांनी ते काम केलं. २०१५ मध्ये भारतातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. पाचवी पुजणं सुरूच आहे, आणि त्यात वावगं काही नाही.

बाकीच्या बाधांचंही असंच उलगडत जातं. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असं म्हणतात. बाळंतपणातल्या झटक्यांनी आणि बाळंतज्वराच्या बरळण्याने गेलेली बाई शेवटच्या घटकेला घरच्यांना कशी दिसली असेल, याचा विचार करावा. वैशाखात भर दुपारी पांदणीने जाऊ नये, ‘बाहेरचं लागते’ असा दंडक. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ऊन डोक्यात चढलेला माणूस खरंच वाट चुकतो, असंबद्ध बोलतो, झटके येऊन कोसळतो. दंडक शहाणपणाचा होता, भूत वरून चिकटवलेलं.

हे केवळ आपल्याकडचं अडाणीपण असं कोणाला वाटलं तर अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडकडे बघावं. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, एक्झेटर गावात मर्सी ब्राउन या क्षयाने गेलेल्या मुलीचं प्रेत उकरलं गेलं. ती कबरीतून उठून घरच्यांचं रक्त पिते, म्हणून तिचा भाऊ खंगतो आहे, अशी गावाची खात्री होती. तिचं काळीज जाळून राख भावाला पाजली. तो दोन महिन्यांच्या आत गेलाच. जंतू सापडला होता, पण त्यावर औषध नव्हतं. औषध नसलेलं ज्ञान भीतीला हलवू शकत नाही.

वऱ्हाडात हे ज्याने ओळखलं तो माणूस शाळेत गेलेला नव्हता. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात आजोळी वाढलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. गावात पाऊल टाकलं की आधी खराटा हातात, गटारं मोकळी, उकिरडे साफ. रात्री कीर्तन, आणि कीर्तनात बकरं मागणाऱ्या देवाची उलटतपासणी. समोरच्या बायाबापड्यांकडूनच उत्तर काढून घ्यायचं ही त्यांची रीत. दिवसा रोगाचं कारण झाडायचं आणि रात्री भीतीचं, असा हा जोडव्यवसाय होता. नुसतं कीर्तन केलं असतं तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत महारोग्यांसाठी तपोवन उभं केलं तेही याच जातीचं काम. महारोग हे पूर्वजन्मीचं पाप मानणाऱ्या समाजाशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी रोग्यांच्या हाताला उपचार आणि काम दिलं.

पटकीचा धाकही असाच गेला. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यू तीस टक्क्यांच्या घरातून तीन-चार टक्क्यांवर आणले. हातात देता येईल असं काहीतरी आलं आणि गाडे आपोआप कमी झाले.

आता मेळघाट. धारणी आणि चिखलदरा हेही अमरावती जिल्ह्यातलेच तालुके. इथल्या कोरकू पाड्यांत आजारपणात पहिली धाव भूमकाकडे, म्हणजे पाड्यातल्या मांत्रिक-वैद्याकडे असते. लेकराचं पोट फुगलं, दम लागला की तापवलेल्या विळ्याने किंवा सळीने पोटावर चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. इथेही निरीक्षण खोटं नाही. हिवतापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, कुपोषणाने पोट सुजतं, सिकलसेलमध्ये पानथरी एकाएकी वाढून पोट फुगू शकतं, आणि न्यूमोनियात तान्ह्याचं पोट श्वासागणिक भात्यासारखं हलतं. जागा बरोबर हेरली जाते, उपाय जीवघेणा असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर ६५ चटके आढळले. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी त्याच तालुक्यात एका म्हाताऱ्या बाईला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून तिची धिंड काढली गेली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. तो हवाच, गुन्हा दाखल होतो, वचक बसतो. पण पावसाळ्यात ज्या गावाचा रस्ता तुटतो, तिथल्या आईला रात्री दोन वाजता कायद्याचा उपयोग नसतो. भूमका मात्र चार घरं सोडून राहतो आणि हाक मारली की येतो.

म्हणूनच मेळघाटात ज्यांचं काम टिकलं त्यांनी आधी अंतर कमी केलं. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे गावातच राहिले. उतावलीला डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावातल्याच बायकांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. भूमकांनाच सोबत घेऊन रोगी दवाखान्यात धाडण्याचे प्रयत्नही जिल्ह्यात झाले आहेत. शहरातल्या आपण डंब्याची बातमी वाचून चुकचुकतो. पण २०२१ च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट राज्यात आधी अमरावती-अकोल्यात उसळली, अमरावतीला टाळं लागलं, तेव्हा रोगी असलेल्या घराकडे शेजाऱ्यांनी कसं पाहिलं आणि खात्रीच्या म्हणून कोणते काढे, कोणत्या धुऱ्या फिरल्या, ते विसरायला अजून फार दिवस झालेले नाहीत. लस हाताशी येईपर्यंत शिकलेल्या घरांनीही आपापली शीव बांधून पाहिलीच.

दीडशे वर्षांचा हिशेब एवढाच निघतो. देवी गेली ती टोचणाऱ्यामुळे, पटकीचा धाक गेला तो स्वच्छ पाण्याने आणि मीठ-साखरेने, सटवाईची भीती ओसरली ती एका सुईने. मागे उरलेल्या पूजेने कोणाचं वाईट होत नाही. वाईट होतं ते उपचार पोचायच्या आधी विळा तापतो तिथे. मेळघाटात एखादी आई भूमकाकडे गेली तर तिला अडाणी म्हणण्याआधी एक प्रश्न विचारावा: तिच्या घरापासून डॉक्टर असलेला, उघडा असलेला दवाखाना किती दूर आहे? ते अंतर तुटलं की डंब्याचंही तेच होईल, जे गाड्याचं झालं.