डोक्यावरचे पीक आणि बाजारातले तेल

दोन पिढ्यांपूर्वी आमच्या मराठवाड्यात टक्कल हा प्रश्नच नव्हता. टक्कल होते, भरपूर होते. पण त्यावर पटका होता, रुमाल होता, गांधी टोपी होती. आजोबांचे डोके वरून कसे आहे हे नातवाला कळायचे ते आजोबा आंघोळीला बसले की. बाकी चारचौघांत, बैठकीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत डोके झाकलेलेच असायचे. पुढे टोपी खुंटीवर गेली, मग खुंटीही गेली आणि गडीमाणसाचे डोके पहिल्यांदा उघड्यावर आले. टक्कल वाढले की नाही ठाऊक नाही, पण दिसायला लागले हे खरे.

नांदेड तर केसांच्या बाबतीत मोठे विलक्षण गाव. इथे सचखंड हुजूर साहिब. केस हा शीख धर्मातल्या पाच ककारांपैकी एक, त्यामुळे त्याला कात्री लावायची नाही. तो विंचरायचा, बांधायचा आणि पगडीखाली मानाने ठेवायचा. आणि याच नांदेडच्या स्टेशनवरून कितीतरी कुटुंबे तिरुपतीची गाडी धरतात, डोक्यावरचे केस बालाजीला अर्पण करतात आणि तुळतुळीत डोक्याने प्रसाद घेऊन परततात. त्या केसांचा देवस्थान पुढे लिलाव करते. केस ठेवण्यात श्रद्धा आहे, केस देण्यातही श्रद्धा आहे. माणसाची अडचण होते ती एकाच केसाची : जो न विचारता जातो त्याची.

तो जायला लागला की माणूस विचारायला लागतो. आधी आरशाला, मग न्हाव्याला, मग औषधाच्या दुकानातल्या पोराला आणि आता हातातल्या मोबाईलला. माझे स्वतःचे डोके तिशीतच मोकळे झाले, त्यामुळे या विषयात घरातल्या तरण्या पोरांना मी जाणकार वाटतो. लातूरला असलेल्या माझ्या पुतण्याचे वय सव्वीस. परवा त्याने मला एक वही दाखवली. दोन वर्षांत केसांवर झालेला खर्च त्याने हिशेबाने लिहून ठेवला होता. तीन प्रकारची तेले, दोन शाम्पू, गोळ्यांचे डबे, एका ‘केंद्रा’त घेतलेली दहा बैठकांची योजना. एकूण बेचाळीस हजार रुपये. ‘‘काका, लै खर्च झाला बघा. आता अजून करावा का सोडून द्यावं, ते तेवढं सांगा.’’

हा प्रश्न एकट्या पुतण्याचा नाही. लातूर-नांदेडच्या शिकवणीच्या गल्ल्यांमधून, वसतिगृहांमधून तो हजारो पोरांच्या मनात आहे आणि त्यांच्या खर्चाचे पैसे गावाकडच्या सोयाबीनमधून येतात. म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

पाण्याचा काय दोष?

लातूरमध्ये केस गेले की पहिला आळ येतो पाण्यावर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर. बोअरच्या जड पाण्यावर त्याचा राग असणे साहजिक आहे. अशा पाण्याने केस राठ होतात, तुटतातही. पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारे आणि टाळूवर चकती पाडणारे पुरुषी टक्कल पाण्याने पडत नाही. हेल्मेटनेही पडत नाही. नाहीतर पुण्यातली निम्मी डोकी बिनकेसांची आणि लातूरची घनदाट दिसली असती!

ते येते रक्तातून. अमेरिकेतले संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वीच ज्यांचे पुरुषी संप्रेरक बंद झाले त्यांना टक्कल पडत नाही. पुरुषी संप्रेरकापासून शरीरात एक अधिक जहाल रूप तयार होते. अनुवंशाने ज्यांची केसमुळे त्याला हळवी असतात, त्यांची मुळे वर्षागणिक आखूड होत जातात. जाड केसाच्या जागी बारीक, बारकाच्या जागी लव आणि शेवटी काहीच नाही. ‘आईच्या वडिलांवर गेलाय’ हे आपले घरगुती निदान अर्धेच खरे. एक महत्त्वाचे जनुक आईकडून येते हे बरोबर, पण बाकीची अनेक दोन्ही घराण्यांतून येतात.

‘गुण आला’ म्हणजे काय?

मग प्रश्न येतो, इतक्या जणांना तेलाचा गुण कसा येतो? माका, जास्वंद, कढीपत्ता, कांद्याचा रस यांची शपथ घेणारी माणसे खोटे बोलतात का? नाही. ती पाहिलेलेच सांगतात. घोटाळा होतो तो रोग ओळखण्यात.

टायफॉइड, डेंगी किंवा मोठे आजारपण होऊन गेले की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. कोविडनंतर २०२१ मध्ये हे घरोघरी दिसले. बाळंतपणानंतर बायकांचे असेच होते. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. दुसरा प्रकार चाईचा. डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गोल गुळगुळीत ठिपका पडतो; तोही पुष्कळदा आपण होऊन भरतो. कांद्याच्या रसाचा बोलबाला झाला तो २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराकमधल्या एका छोट्या प्रयोगामुळे. तो प्रयोग चाईवर होता, पुरुषी टकलावर नव्हे. या दोन्ही प्रकारांत गळती ऐन भरात असताना माणूस तेल लावायला लागतो आणि केस आपल्या वेळेला परततात. श्रेय मात्र बाटलीला मिळते.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण घडले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये बाया, बापे, मुले यांचे केस दोन-चार दिवसांत हातात यायला लागले. शेकडो माणसांना बाधा झाली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर नावाजलेले आणि मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. पुढे काही आठवड्यांत अनेकांचे केस परत उगवू लागले. त्या दिवसांत कोणी एखादे तेल चोळले असते, तर आज ते ‘शेगावचे चमत्कारी तेल’ म्हणून नांदेडच्या बाजारात आले असते.

पुरुषी टकलाला अशी परतीची वाट नाही. म्हणूनच आपल्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, म्हणजे जे आजार बरे करतो असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही त्या यादीत, टकलाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. ‘टक्कल बरे करू, नाहीतर पैसे परत’ असे लिहिलेली औषधाची बाटली समोर आली, तर तिच्यातल्या द्रव्यांची चौकशीही करायला नको. दावाच नियमाबाहेरचा आहे.

दोन औषधे, एक रोपलावण

मग काहीच चालत नाही का? चालते, पण थोडे. आणि तेही अटींवर.

पहिले औषध मिनॉक्सिडिल. हे मूळचे रक्तदाबाचे. ते घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले आणि औषधाने दिशा बदलली. डोक्यावर लावायचे औषध म्हणून त्याला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. रोज लावायचे, चार ते सहा महिने वाट पाहायची. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात आणि घाबरून निम्मे लोक तिथेच सोडतात. टाळूवर ते बरे काम करते, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमी. घरात तान्हे मूल असेल तर लावून झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि औषध लावलेला भाग बाळाच्या अंगाला लागू देऊ नये. बाळांच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी युरोपात झाल्या आहेत.

दुसरे फिनास्टेराइड, पोटात घ्यायची गोळी. ही प्रोस्टेटच्या वाढीसाठी आली आणि १९९७ मध्ये कमी मात्रेत केसांसाठी मान्य झाली. मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या ८३ जणांची केससंख्या टिकली किंवा वाढली. औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत फक्त २८ जणांची. हा फरक खरा आहे. पण शंभरातल्या तीन-चार जणांना कामेच्छा कमी होण्यासारखा त्रास झाला (नुसत्या गोळीतही दोघांना), आणि आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केले. मन आधीच खचलेल्या मुलाने ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नये ती यासाठी. वडीलधाऱ्यांनीही लक्षात ठेवावे : या गोळीने प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा जवळपास निम्मा होतो, तेव्हा डॉक्टरांना सांगायला हवे. आणि गर्भवती बाईने तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

दोन्ही औषधांची खरी अट वेगळीच. थांबलात की काही महिन्यांत मिळवलेले केस जातात. हा इलाज नाही, ही राखण आहे. पिकाला राखण्या ठेवला तर तो रोज लागतो.

तिसरा मार्ग प्रत्यारोपणाचा. शेतकऱ्याला एका शब्दात सांगायचे तर नांग्या भरणे. डोक्याच्या मागच्या भागातली मुळे त्या संप्रेरकाला दाद देत नाहीत. ती काढून पुढे लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. पण नवीन बियाणे येत नाही. जे मागे आहे तेच पुढे येते. शिवाय भोवतालचे जुने केस गळत राहतात, म्हणून औषध सुटत नाही. खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने हिशेब केला तर एक लाख म्हणजे जवळजवळ एकोणीस क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. आणि ही शस्त्रक्रिया आहे, केस कापणे नव्हे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला बजावून सांगावे लागले की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून हे काम शिकल्याचे धरले जाणार नाही.

बाकी बायोटिनच्या गोळ्या कमतरता असेल तरच उपयोगाच्या; उलट त्यांनी थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकू शकतात. स्वतःचेच रक्त काढून डोक्यात टोचण्याच्या पद्धतीचा काहींना थोडा फायदा दिसतो, पण खर्चाच्या मानाने पुरावा अजून पातळ आहे.

गरज डोक्याची की स्थळाची?

हे सगळे मी पुतण्यासमोर मांडले तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. ‘‘भाऊजी, ते औषधाचं ऱ्हाऊ द्या. फोटो पाहूनच स्थळं परत जायलीत. लग्न होईस्तोवर तरी केस टिकतील असं काही सांगा.’’ खरा आजार तिथे होता.

ती काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा रोडच्या एका नवविवाहितेने पोलिसांत तक्रार केली होती. नवऱ्याने विग लावून टक्कल लपवले आणि फसवून लग्न केले, असे तिचे म्हणणे होते. तक्रारीत इतरही आरोप होते, पण बातमी झाली ती विगची. लपवलेले टक्कल हे उघड्या टकलापेक्षा महाग पडते. मुलीकडच्यांना शेती किती, नोकरी कोणती हे जसे खरे कळायला हवे, तसेच डोकेही खरे दिसायला हवे.

पुतण्याला लातूरच्याच एका त्वचारोगतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी आधी ताप, औषधे, घराण्यातली डोकी यांची चौकशी केली, भिंग लावून टाळू पाहिली आणि पंधरा मिनिटांत सांगितले, ‘‘हे घराण्याचंच आहे. टाळूचं राखता येईल. समोरचं आलं तर बोनस समजा.’’ बेचाळीस हजारांत जे कोणी सांगितले नव्हते ते तपासणीच्या फीमध्ये कळले. त्याने गोळी नको म्हटले, लावायचे औषध सुरू केले. आज वर्ष झाले. टाळू राखली गेली आहे, समोरचे कोपरे तसेच आहेत. लग्नाच्या माहितीपत्रात कॉलेजातला फोटो होता, तो काढून त्याने या दिवाळीतला लावला आहे. लग्न अजून जमायचे आहे, पण तेलाचा खर्च बंद झाला.

मग करावे काय?

करून पाहावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. आधी रोग ओळखून घ्यावा. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या त्वचारोग विभागात एक फेरी मारायला हरकत काय? गळती नवी असेल, वय कमी असेल आणि रोजची राखण वर्षानुवर्षे परवडत असेल तर औषध करून पाहण्यासारखे आहे. सहा महिन्यांची, फार तर वर्षाची मुदत घालावी, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढावेत आणि फरक नसेल तर निमूटपणे थांबावे. टाळू केव्हाच चकाकू लागली असेल तर बाटलीच्या नादी लागू नये. डोक्याला खोबरेल जरूर चोळावे, झोप छान लागते. पण केसांच्या आशेने नव्हे.

आणि काहीच करायचे नाही असे कोणी ठरवले तर तोही उपचारच समजावा. त्याला दुष्परिणाम नाहीत, खर्च नाही, आणि तो मध्येच सोडला तरी काही गळून पडत नाही. लागते ती फक्त घरच्यांची साथ. पोराला रोज जेवताना ‘किती केस गेले रे तुझे’ असे विचारणे तेवढे थांबवावे. त्याला ते माहीत असते. आरसा त्याच्याही खोलीत आहे.