गावाचा हिशेब कोण तपासतो?

घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान यांतून ग्रामपंचायतीचा कारभार चालतो. ज्याने खर्च केला त्यानेच तो तपासायचा नाही, हे लेखापरीक्षणाचे पहिले तत्त्व. म्हणून महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचे हिशेब राज्याच्या वित्त विभागाखालील स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय तपासते. त्यामागचा कायदा १९३० चा आहे.

लेखापरीक्षक केवळ बेरजा पाहत नाहीत. निविदा काढली होती का, मोजमाप पुस्तिकेत कामाची नोंद आहे का, वसूल केलेला कर बँकेत भरला का, हेही तपासतात. त्रुटी आढळल्यास आक्षेप नोंदवतात. आक्षेप म्हणजे लगेच भ्रष्टाचार नव्हे. पण त्याची पूर्तता करणे ही पंचायतीची जबाबदारी असते. पूर्तता रखडली, की तपासणीचा उपयोगच उरत नाही.

इथेच गावकऱ्यांचे काम सुरू होते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील कलम ८ नुसार, आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागील लेखापरीक्षण टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरे मांडावीच लागतात. त्या सभेला जरूर जा, टिप्पणी वाचून दाखवायला सांगा आणि प्रलंबित आक्षेपांबद्दल विचारा. पैसा तुमचा आहे.